सॅलडावरची साय

'थोडे' या परिमाणाचे अस्तित्व माझ्या साडूंनी साठी उलटेपर्यंत मान्य केलेले नव्हते. शाळेत शास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. चिमूट, चमचा आणि वाटी यांतील फरकावर माझी श्रद्धा आहे. साडूंना मात्र पातेल्याहून लहान भांडे ठाऊकच नव्हते. उचगावात त्यांचे घर, घरामागे दोन म्हशींचा गोठा, आणि त्या म्हशींसारखेच ऐसपैस मन. एकदा माझ्या पत्नीने फोनवर बोलता बोलता आजऱ्याच्या घनसाळ तांदळाच्या वासाची स्तुती केली, तर दोन दिवसांनी साडू मोटारसायकलला पोते बांधून आमच्या दारात उभे! "वास आवडतोय म्हणालीस न्हवं? घे, वरीसभर वास घे."

त्यांच्या घरी जेवायला बसणे हा एक शारीरिक पराक्रम असे. 'पुरे' हा शब्द त्यांना आणखी वाढण्याची सूचना वाटे. आपण ताटावर हात आडवा धरावा, तर ते बोटांच्या फटींतून अचूक वाढत. शिवाय त्यांचा एक नियम होता, की कोणतेही ताट स्वयंपाकघरातून 'बोडके' बाहेर जाता कामा नये. भातावर तूप, भाकरीवर लोणी, पिठल्यावर कच्चे तेल, आणि काहीच नसेल तेथे म्हशीच्या दुधाची जाड साय. मी एकदा या नियमामागील तत्त्व विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वर काय न्हाय म्हंजे फेटा न बांधता नवरदेव उभा केल्यागत वाटतंय, पावणं."

अशा गृहस्थाच्या संसारात अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, अगदी मिताहारी. त्यांचा लोभ एकाच पदार्थावर होता, तो म्हणजे रशियन सॅलड. उकडलेला बटाटा, गाजर, मटार, अननसाच्या फोडी, आणि या सर्वांना एकत्र नांदवणारे अंड्यातेलाचे पांढरेशुभ्र मेयोनीज. लग्न नवे असताना साडूंनी त्यांना कोल्हापुरातल्या एका हॉटेलात नेऊन ते खाऊ घातले होते. तेव्हापासून कोणाच्याही लग्नाला गेले, की अक्का खुर्चीवर बसत आणि साडू गर्दीत शिरत. एका लग्नात तर ते काचेचा अख्खा वाडगाच उचलून घेऊन आले, आणि त्यांच्यामागून आचारी झारा घेऊन धावत आला. "घरच्या माणसाला वाढतोय, चोरतोय व्हय?" असे साडूंनी त्यालाच दरडावले होते.

गेल्या वर्षी अक्कांच्या हृदयाच्या वाहिनीत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी तेल, तूप आणि साय बंद केली. अक्का इतक्या धास्तावल्या, की जे बंद नव्हते तेही त्यांनी सोडले. चतकोर भाकरी कशीबशी पोटात जाई. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. काहीही पुढे ठेवले, की "नको वाटतंय" एवढेच उत्तर. आग्रहाने न हटणारा नकार साडूंना आयुष्यात प्रथमच भेटला होता.

एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि चप्पल काढण्यापूर्वीच म्हणाले, "पावणं, तुम्ही शास्त्र शिकवत हुतासा न्हवं? मेयोनीजमधलं तेल काढायचं कसं?"

"काढता येत नाही, साडूभाऊ. ते त्यात पूर्ण मिसळलेले असते."

"तरीच! काल चाळणीत घालून नळाखाली धुतलं, तर समदं मोरीत गेलं की वो!"

पदार्थातून नको असलेला भाग धुऊन काढता येत नसेल, तर तो भागच बदलावा, हे मी त्यांना समजावून सांगितले. मेयोनीजऐवजी गाईच्या साय काढलेल्या दुधाचे दही फडक्यात टांगून त्याचा चक्का करावा. त्यात मोहरीची पूड, मिरपूड, लिंबू आणि किंचित मीठ घालून घोटावे. बटाटा निम्मा करून त्या जागी काकडी आणि सफरचंद घ्यावे. साडू सर्व निमूटपणे ऐकत होते. फक्त गाईचे नाव निघताच त्यांचा चेहरा उतरला. "गाईचं दूध? त्ये म्हंजे म्हशीच्या दुधाची चरवी विसळलेलं पाणी." तरीही शेजारून त्यांनी ते आणले. घरच्या म्हशींना दिसू नये म्हणून पिशवीत झाकून आणले, असे अक्का सांगतात.

रविवारी मी उचगावला जाऊन साडूंच्या शेजारी उभा राहिलो. आयुष्यात कधी विळीला न बसलेल्या माणसाने गाजराच्या फोडी केल्या. काही फोडी म्हशींच्या मापाच्या झाल्या, पण मी गुण दिले. चक्का छान घोटला गेला. सॅलड अगदी प्रमाणात जमले. मी हात धुऊन वळलो, तो साडू ताट घेऊन निघाले होते, आणि सॅलडावर शुभ्र, जाड, तळहाताएवढी साय विराजमान झाली होती.

"साडूभाऊ! हे काय?"

"त्ये सॅलडात न्हाय की! वर हाय."

तोवर ताट अक्कांपुढे पोहोचलेही होते. त्यांनी साय पाहिली, ताट हळूच दूर सारले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पावणं, ह्यांस्नी सांगा की वो. अजून चार वर्सं ऱ्हावं म्हणतोय मी हितं."

ताट उचलून साडू परसात गेले. मागून जाऊन मी पाहिले, तर गोठ्याच्या कट्ट्यावर बसून ते चमच्याने साय काढत होते, आणि खालच्या फोडींना लागलेली पांढरी रेघही नखाने खरवडत होते. थोड्या वेळाने ते ताट त्यांनी म्हशींपुढे रिकामे केले आणि आत जाऊन पहिल्यापासून गाजर चिरायला घेतले. या वेळी मी काहीच शिकवले नाही. शेवटी त्यांचा हात सवयीने सायीच्या भांड्याकडे गेला, झाकणावर थांबला आणि परत आला. बोडके ताट नेणे मात्र जमेना. त्यांनी डाळिंब सोलून मूठभर दाणे वर घातले, विचार करून त्यातले बरेचसे पुन्हा वेचून काढले. अक्कांनी त्या दिवशी चार घास खाल्ले.

परवा पुन्हा उचगावला गेलो होतो. सवयीप्रमाणे सकाळपासून पोट रिकामे ठेवले होते. साडूंनी माझ्यापुढे एक लहानशी वाटी ठेवली. तळाशी दोन चमचे सॅलड, वर डाळिंबाचा एक दाणा. मी वाटीकडे पाहिले आणि मग त्यांच्याकडे.

"हिनं परत मागून घेतलं, पावणं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमास्नी एवढंच ऱ्हायलंय."

आतल्या खोलीतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता. साडू जेवणाचे विसरून तिकडेच कान देऊन बसले होते. त्या घरातून अर्धपोटी उठलेला पाहुणा बहुधा मीच पहिला. वाटी मी अगदी सावकाश, पुरवून पुरवून खाल्ली. आणि खोटे कशाला सांगू, संपल्यावर हात आडवा धरायची मला फार इच्छा झाली.