पशुगृहातील चौथा घोडा

पोलीस खात्यातील नोकरीत मी पुष्कळ पंचनामे केले. त्यांतले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका लांबट शेडसमोर ताडपत्रीवर ठेवलेल्या तीन मेलेल्या घोड्यांचा पंचनामा मात्र तसा मिसळत नाही. तो आजही मला जसाच्या तसा आठवतो.

त्या काळी मी बीड जिल्ह्यात, माजलगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. दुष्काळाचे वर्ष होते. ऊसच नसल्याने कारखान्याचा हंगाम लवकर आटोपला होता, तोडणीला गेलेल्या टोळ्या वेळेआधी परतल्या होत्या, आणि टँकरच्या रांगेत झालेल्या मारामाऱ्यांनी आमची स्टेशन डायरी भरत होती.

तिथल्या सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेने माळावर एक संशोधन केंद्र उभारले होते. उसाच्या फडात साप चावून माणसे दगावतात, त्यावरच्या औषधाचे संशोधन तिथे चाले. त्यासाठी चार घोडे पाळले होते. त्यांना सापाच्या विषाची अगदी अल्प मात्रा टोचायची आणि त्यांच्या रक्तात विषाला विरोध करणारे जे तयार होते, त्याचा अभ्यास करायचा, अशी ती पद्धत. घोड्यांच्या प्रकृतीची जबाबदारी एका पशुवैद्यकीय डॉक्टरांवर होती. शेड धुणे, लीद काढणे, खरारा करणे आणि चारापाणी पाहणे, हे सारे काम एकाच माणसाकडे होते. कोणाचेही नाव लिहायचे नाही असे मी ठरवले आहे; पण त्या माणसाला सगळे मामा म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणतो. मामा पूर्वी बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात असे. केंद्रात घोड्यांना क्रमांक होते; मामा त्यांना सर्ज्या, राजा अशा बैलांच्या नावांनी हाका मारी.

त्या वर्षी केंद्राच्या कुंपणाला लागूनच एक चारा छावणी सुरू झाली. ती चालवत होती गावातली विकास सोसायटी, आणि सोसायटी होती कारखान्याच्या चेअरमनांच्या विरोधी गटाकडे. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. एवढे सांगितले म्हणजे पुढे काय झाले असेल याची कल्पना येईल.

घोडे एकापाठोपाठ आजारी पडले. खाणे सोडले, सुस्त झाले, पोटाकडे वळून पाहू लागले, आणि काही दिवसांच्या अंतराने तीन मेले. चौथाही मान खाली घालून उभा होता. डॉक्टरांनी शवविच्छेदन केले तेव्हा आतड्यांत चारा घट्ट बसलेला आढळला. असे कशाने झाले हे त्यांना सांगता येईना. त्यांचा चेहरा उतरला होता, कारण विषाची मात्रा टोचण्याचे काम त्यांचे होते आणि गावात ‘डॉक्टरनंच जास्त इख टोचलं’ अशी कुजबुज सुरू झाली होती. घातपाताचा संशय त्यांना सोयीचा होता, चेअरमनांना त्याहून अधिक. संस्थेची फिर्याद आली आणि मी कलम ४२९ खाली, म्हणजे जनावर ठार मारून आगळीक केल्याचा, गुन्हा नोंदवला. व्हिसेरा, म्हणजे आतड्यांचे नमुने, प्रयोगशाळेकडे रवाना केला. मामाचा ब्रश, खराऱ्याचा काथ्या आणि बादली जप्त करून मुद्देमाल खोलीत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. “तुमचा तो घोडेवाला मामा हाय ना, त्यो डबा घेऊन छावणीत शिरलाय. मागंबी एकदा असाच आलता. भरला डबा घेऊन गेलता.” एवढे बोलून फोन बंद झाला. मी हवालदारांना पाठवले. छावणीच्या फाटकातच मामा सापडला. हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा होता आणि तो रिकामा होता.

ठाण्यात आणल्यावर तो बाकावर न बसता जमिनीवर बसला. माझ्या हवालदारांची जीभ तिखट होती.

“मामा, मागच्या टायमाला डब्यात काय नेलतं?”

“पाणी.”

“पाणी! अख्खं गाव तुमच्या केंद्राच्या टँकरमागं घागरी घेऊन पळतंय, आन् तू छावणीतून डब्यानं पाणी नेतो? येडं समजतो का बे आमाला?”

मामाने मान खाली घातली. मी हवालदारांना थांबवले आणि हलक्या आवाजात विचारले, “घोड्यांना तुम्ही काही खाऊ घातलंत का?”

“न्हाई साहेब. पेंड न् गवत, डॉक्टरसाहेब म्हनतील तेवढंच.”

“विष कोणी दिलं होतं तुमच्याकडे?”

त्याने एकदम वर पाहिले. “इख? मी? साहेब, त्यो पहिला गेला तवा माझ्या मांडीवर मान हुती त्याची.”

“मग छावणीत कशाला गेलात?”

पुन्हा खाली मान. चौकशी करताना माणसाच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा ओळखण्याची सवय आम्हा पोलिसांना होते, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मात्र अपराधीपणा दिसला म्हणजे तो आपण शोधत असलेल्या अपराधाचाच असतो, असे आपण मनाशी धरून चालतो. मीही तसेच धरले होते.

संध्याकाळ होण्याआधी चेअरमन स्वतः आले. चहा घेत म्हणाले, “साहेब, मामा गरीब माणूस आहे. त्याला कोणी तरी नादी लावलं. त्या कोणाचं नाव तेवढं जबाबात आलं की गरिबाला आपण सोडवू.” ते कोण, हे सांगण्याची गरज नव्हती, छावणीचा व्यवस्थापक विरोधी गटाचा उमेदवार होता. मी तपास चालू आहे एवढेच म्हणालो. चेअरमन गेल्यावर मी मामाला पुन्हा समोर घेतले, आणि माझा पहिला प्रश्न होता, “छावणीच्या व्यवस्थापकाशी तुमची ओळख किती?” चेअरमनांना मी काही कबूल केले नव्हते, तरी त्यांचाच प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला. मामा म्हणाला, “रामराम घालतो, त्येवढीच.” त्याला त्या प्रश्नाचा रोख कळलाच नाही.

रात्रभर तो कोठडीत होता. सकाळी न्यायालयात नेण्याची तयारी सुरू असताना मुद्देमाल कारकून नाकाला रुमाल लावून माझ्याकडे आला. नांदूरघाटकडचा, दोन म्हशी पाळणारा गडी. “साहेब, माझ्या खोलीचा पार गोठा झालाय,” तो म्हणाला. “त्या घोड्याच्या ब्रशाला वास येतोय, त्यो गोचिडाच्या औषधाचा. आमी म्हशीवर फवारतो ना, त्येचाच. बायको मला त्या दिवशी घरात घेत न्हाई.”

मी ब्रश हुंगला. डांबराच्या गोळ्यांसारखा उग्र वास होता. छावणीत जनावरांची दाटी होती आणि दाटीमुळे गोचीड माजले होते. सोसायटीने पिंपात औषध कालवून ठेवले होते आणि मालक आपापल्या जनावराला ते फवारत, हे मी स्वतः बंदोबस्ताच्या वेळी पाहिले होते. तरी ते मला सुचले नव्हते.

मी ब्रश घेऊन कोठडीपाशी गेलो. “मामा, डब्यात हे होतं का? गोचिडाचं औषध?”

मामाचे खांदे सैल पडले. ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती ती बाहेर आली होती, आणि तिच्यापुरता तो मोकळा झाला. मग तो न थांबता बोलला. दुष्काळामुळे शेड धुवायला मिळणारे पाणी अर्ध्यावर आले होते. छावणीतले गोचीड कुंपणाखालून येऊन घोड्यांना लागले. गोचीड दिसले की साफसफाईत कसूर झाली, असा केंद्राचा नियम होता. म्हणून त्याने डॉक्टरांना सांगितले नाही. बाहेरचे औषध आणायलाही बंदी होती. “पर साहेब, बैलाला आमी ह्येच लावतो. जन्म गेला माझा. एका दिवसात गोचीड गळतंय. म्हनून डबाभर आणलं न् चौघांना चोळलं. चौथ्यापाशी आलो तर सरत आलतं. त्याला वाईच कमी आलं.”

“आणि काल पुन्हा कशाला गेला होतात?”

“त्याच्याचसाठी. ते तिघं गोचीडतापानं गेले, मी उशिरा लावलं म्हनून. ह्याच्या अंगावर अजून हाय गोचीड. ह्याला तरी पुरं लावावं म्हनलं. माझं एवढंच चुकलं साहेब. डॉक्टरसाहेबांना इचारायला पायजे हुतं.”

मला त्या क्षणी त्याचे म्हणणे खरे वाटले, आणि एवढ्याने घोडे मरत नाहीत असेही वाटले. मी डॉक्टरांना फोन लावून सगळे सांगितले. औषध कशाचे, हे त्यांनी पुन्हा विचारून घेतले. मग ते म्हणाले, “बैलाला, म्हशीला ते चालतं साहेब. घोड्याला नाही. घोड्याचं आतडं त्यानं थांबतं. चौथ्यालाही लावलंय का?” मी हो म्हणालो. “मग ते आधी धुवायला हवं. पण तो आम्हाला जवळ येऊ देत नाही. मामाला घेऊन या.”

मी मामाला जीपमध्ये बसवले. का नेतो आहोत हे त्याला सांगितले नाही. घाई होती हे खरे आहे. पण जीपमध्ये सांगता आले असते, आणि मला शब्द सापडत नव्हते, हेही तेवढेच खरे आहे.

केंद्रात टँकर उभा होता. गावच्या वाट्याचे पाणी घोडा धुवायला वळवल्याचे कळताच फाटकाबाहेर बाया जमल्या होत्या. “माणसं तहानली न् घोड्याला अंघूळ!” अशी एकीची आरोळी कानावर आली. मामाचा आवाज ऐकताच घोड्याने कान हलवले. मामा त्याच्या गळ्याला हात घालून उभा राहिला. डॉक्टरांनी साबणाच्या पाण्याची बादली पुढे केली.

“मामा, अंगावरचं औषध सगळं धुऊन काढ. रगडून.”

“कावून? आधीच कमी लागलंय ह्याला.”

“कमी लागलंय म्हणूनच तो उभा आहे,” डॉक्टर म्हणाले.

मामाने हातातल्या फडक्याकडे पाहिले. मग ताडपत्री अंथरली होती त्या जागेकडे पाहिले. तो घोडा धुऊ लागला. पाठ, पोट, मांड्या, कानामागची जागा. डॉक्टर ‘पुरे’ म्हणाले तरी धूत राहिला. शेवटी मी त्याच्या हातून फडके काढून घेतले. घोडा पुढे वाचला. संशयावरून एका निरपराध माणसाला छावणीच्या फाटकात अडवले, म्हणूनच तो वाचला, हे मला आजही नीट पचत नाही.

ठाण्यात परतल्यावर मी सुटकेचे कागद तयार करायला सांगितले. मामा माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

“लिवून घ्या साहेब. मीच मारले.”

“तुम्ही मुद्दाम मारलं नाही मामा. कायद्यात हेतू पाहतात. गुन्हा होत नाही.”

“मुद्दाम न्हाई. पर मारलं तर मीच ना? मग तिथं काय लिवता?”

आमच्याकडे अशा प्रकरणासाठी ‘क’ समरी अहवाल असतो. फिर्याद खरीही नाही, खोटीही नाही. गैरसमजातून दाखल झालेली. मी तोच पाठवला आणि व्हिसेऱ्याच्या अहवालानेही पुढे त्याला दुजोरा दिला. चेअरमन नाराज झाले. छावणीच्या व्यवस्थापकाने ठाण्यात पेढे पाठवले. ते मी परत केले. पण ‘मग तिथं काय लिवता’ याचे उत्तर त्या अहवालात नव्हते. मामा ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसला तो उठेना. त्याची बायको न्यायला आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. “सुटला म्हनता साहेब, मग ह्यो असा कावून बसलाय? काय केलं तुमी ह्याला?” आम्ही त्याला हात लावला नव्हता. तसे मी तिला सांगितले, आणि सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

केंद्राने त्याला कामावर परत बोलावले. डॉक्टरांनी स्वतः शब्द टाकला. तो गेला नाही. काही महिन्यांनी बंदोबस्ताला जाताना त्याची बायको मला नारायणगडाच्या रस्त्यावर भेटली. मी विचारपूस केली. ती म्हणाली, “बरं हाय. एक बैल राहिलाय घरी. त्याला पाणी पाजायचं तरी ह्यो जनावरांच्या दवाखान्यात जातो न् डॉक्टरला इचारतो, पाजू का म्हनून. लोकं हसतात. तवर बैल उन्हात उभा.”

या प्रकरणाने मला तपासाबद्दल जे शिकवले ते कोणत्याही अधिकाऱ्याला आज ना उद्या शिकायला मिळते. दुसरी गोष्ट मात्र मला कोणी शिकवली नव्हती. आरोप सोसणारा माणूस अनेकदा ताठ उभा असतो, कारण आपण निर्दोष आहोत हे त्याला ठाऊक असते. मामाकडे एवढी एकच गोष्ट होती, आणि त्याला सोडवताना मी ती त्याच्याकडून काढून घेतली. सत्य त्याला सांगायलाच हवे होते. एक घोडा जिवंत होता. पण ते त्याला भर अंगणात, पाण्यासाठी ओरडणाऱ्या लोकांसमोर, हातात ओले फडके असताना कळावे, असे काही कायद्यात लिहिलेले नव्हते.

त्यानंतरच्या नोकरीत कोणालाही ‘तुम्ही सुटलात’ असे सांगायची वेळ आली की मी आधी त्याच्या घरचे कोणी आले आहे का, ते पाहत असे. आले नसेल तर निरोप धाडून बोलावून घेई. त्यांना शेजारी बसवी, दार लोटून घेई, आणि मगच कागद पुढे करी.