कागदावर मेलेली टेम्पी

टेम्पी मावशी धोबीण होती. न्यू ऑर्लिन्समध्ये आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या चादरी आणि सदरे तिच्याच हातून जायचे. जन्म व्हर्जिनियातला. तिथल्या मालकानं तिला नि तिच्या चार वर्षांच्या रोडीला हॅकेट नावाच्या व्यापाऱ्याला विकलं, आणि त्यानं दोघींना जहाजात कोंबून इथं आणलं. हॅकेटच्या आवारात एका सकाळी रोडीला उचलून नेलं. कुणी नेलं, कुठं नेलं, मावशीला कुणी सांगितलं नाही. पुढं तिला एका हॉटेलानं विकत घेतलं.

उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, मावशी सुटली. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला रोडीबद्दल विचारत असे. मी शिवणकाम करणारी, जन्मापासून मोकळी, वाचता येणारी. मीच तिला म्हटलं, "मावशी, विक्रीचे कागद वकिलाच्या दप्तरात तारखेनं लावलेले असतात. दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं? आदल्या दिवशी सर्व संतांचा सण होता. बायका कबरींवर फुलं वाहायला चालल्या होत्या."

आम्ही गेलो. कारकुनानं मान वर न करताच म्हटलं, "ए म्हातारे, धुण्याची बाई मागच्या दारानं."

"धुणं नाही आणलं, साहेब. अठराशे त्रेचाळीसची वही बघायचीय," मी म्हणाले.

बऱ्याच कुरकुरीनंतर त्यानं वही आपटली. सण एक नोव्हेंबरला असतो; दुसऱ्या दिवसाचं, दोन नोव्हेंबरचं पान सापडलं. मी वाचू लागले नि थांबले.

"वाच की गं."

"रोडा, मुलगी, वय चार, अनाथ. आई व्हर्जिनियात तापानं वारली, असं दोन सद्गृहस्थांनी शपथेवर सांगितलं आहे."

दहा वर्षांखालचं मूल आईपासून तोडून विकायला तेव्हा इथं बंदी होती. अनाथ असलं तर मात्र चालायचं.

मावशी कारकुनाच्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "मी मेले होते? त्या दिवशी मी इथून तीन गल्ल्यांवर होते. दोरीनं बांधलेली. माझं ओरडणं रस्त्यावर ऐकू जात होतं!"

"चूक झाली असेल," तो म्हणाला.

"इस्त्रीनं सदरा जळतो, त्याला चूक म्हणतात. दोन बाप्ये बायबलवर हात ठेवून जित्या बाईला मारतात, त्याला काय म्हणतात ते तुझ्या आईला विचार. आता लिही खाली, की मी जिवंत आहे."

"जुन्या कागदात फेरफार करता येत नाही. कायद्यात बसत नाही."

"आणि ते बसलं होतं होय रे?"

मी घेणाऱ्याचं नाव उतरवून घेतलं : मार्सोले, नदीच्या वरच्या अंगाला उसाचा मळा.

आठवड्यानं आगबोटीनं तिथं पोचलो. ऊसतोड चालू होती. रोडी तिशीची झालेली, हातात कोयता. तिनं मावशीला खालीवर न्याहाळलं.

"माझी आई मेलीय. मालकीणबाई कागद दाखवायची. अशा लेकी शोधत येणाऱ्या बायका खूप बघितल्या. मागच्या वर्षीची एक चार दिवस जेवून गेली."

मावशी रडली नाही. म्हणाली, "तुला उचललं तेव्हा त्या माणसाच्या हाताला तू चावलीस. रक्त आलं. त्यानं तुझ्या थोबाडीत मारली."

रोडीचा कोयता खाली आला. "चावायचे मी," ती हळूच म्हणाली. "इथं आल्यावरही. पहिलं वर्षभर तोंडाला फडकं बांधून ठेवायचे माझ्या."

मग मात्र मावशीच्या तोंडून असे शब्द निघाले, की मुकादम घोड्यावरनं बघतच राहिला.

तोड संपल्यावर रोडी दोन मुली घेऊन शहरात आली. मावशीला ती बरेच महिने "बाई" म्हणायची. मावशीनं एकदाही टोकलं नाही. मुलींना मात्र आज्जीनं राजमा-भात खाऊ घालून पंधरा दिवसांत आपलंसं केलं.

मला ते पान झोपू देईना. मी पुन्हा त्या दप्तरात गेले, एकटीच, आणि पुढची पानं चाळली. त्या एकाच हिवाळ्यात हॅकेटनं अकरा अनाथ मुलं विकली होती. साक्षीदार तेच दोघे. अकराही आया तापानंच गेलेल्या! दुसरा आजार शोधायचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

रविवारी चर्चमध्ये मी ती अकरा नावं मोठ्यानं वाचली, विकत घेणाऱ्यांच्या नावांसकट. सातव्या नावाला मागच्या बाकावरून डेलफी, आमची मासे विकणारी, उठून उभी राहिली. "तो माझा," म्हणाली. "परत वाच. सावकाश वाच."