सोळा ट्रॅक आणि एक शिट्टी

कानवाल्याच्या पोरीने डूख धरला होता, आणि तोही एक-दोन नव्हे, चांगली नऊ वर्षं. काळ गेला की राग निवतो म्हणतात. हिचा मुरत गेला.

कानवाला म्हणजे तिचे बाबा. धंद्याने साउंडवाले. चाळीस वायरींच्या गुंत्यात कुठली खरखरतेय ते नुसतं ऐकून सांगायचे, म्हणून हे नाव. नऊ वर्षांपूर्वी याच नाट्यगृहात एका नावाजलेल्या गायकाने गाणं अर्ध्यावर थांबवलं आणि माइकवरूनच विचारलं, "स्पीकरमधून कधीची शिट्टी वाजतेय! मिक्सरवर बहिरा बसवलाय का?" हशा पिकला. फुकटचा हशा कोणाला नको असतो! त्यानंतर बाबांना कोणी कामाला बोलावलं नाही.

बाबांची जागा स्टेजच्या बगलेत. तिथून गायकाची पाठ तेवढी दिसायची, प्रेक्षक नाहीत. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "शिट्टी झालीच नाही गं. झाली असती तर मला ऐकू आली नसती?"

पोरगी त्या दिवशी परीक्षेला गेली होती. पण बाबांचे कान म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. मेल्याचा सूर फाटला असणार आणि खापर बाबांच्या डोक्यावर फोडलं असणार, असा तिने निकाल लावून टाकला. पुढे बाबा घरी बसले. शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारायचा, भात करपायचा आणि हे खुर्चीत ढिम्म. आत्या म्हणायची, "अगं, दादाचे कान एकदा तपासून घे."

"कानांना काय धाड भरलीय?" पोरगी उसळायची. "मनच थाऱ्यावर नाही त्यांचं. त्या माणसाने घालवलं."

ती बाबांचाच धंदा शिकली. आता मिक्सर डिजिटल आला होता. प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक रेकॉर्ड व्हायचा आणि सगळा कारभार हातातल्या टॅबवरून, बिनवायरचा. ऑपरेटरने बगलेत कोंडून घ्यायची गरजच उरली नव्हती. आणि नऊ वर्षांनी तोच गायक, तेच नाट्यगृह, टॅब मात्र हिच्या हातात. देव कधीकधी हिशेबाला पक्का असतो.

तालमीचे सोळा ट्रॅक तिने घरी नेले, पंधरा बंद केले आणि गायकाचा एकटा ट्रॅक वीसदा ऐकला. तिसऱ्या गाण्यात तो वरचा सूर लांबवतो, हे तिने हेरलं. तेव्हा तो पायाशी ठेवलेल्या स्पीकरकडे झुकतो, हे तालमीतच पाहिलेलं; आणि माइक स्पीकरजवळ गेला की आवाज गोल फिरून शिट्टी होते. माइक कुठल्या पट्टीत शिट्टी घालतो ते आधी शोधायचं आणि मिक्सरवर तेवढ्याच पट्टीचा आवाज दाबून ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला धडा, बाबांनीच दिलेला. तिने ती पट्टी शोधली, दाबली. आता योग्य क्षणी ती उचलायची, बस्स. बाबांसमोर, भरल्या हॉलमध्ये, त्याचं तोंड वेडंवाकडं झालेलं तिला पाहायचं होतं.

बाबा यायला तयार नव्हते. "मला नाही त्याचं तोंड बघायचं."

"माझं काम बघायला तर याल?" म्हटल्यावर आले. तिने त्यांना शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसवलं आणि टॅब घेऊन शेजारी उभी राहिली. हॉल खचाखच भरला होता. एक गाणं झालं, दुसरं झालं. बाबा डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. कितीतरी वर्षांनी धरला होता.

तिसऱ्यात गायक झुकला, वरचा सूर लागला. तिने अंगठा टेकवला आणि पट्टी वर ओढली.

शिट्टी सुईसारखी घुसली, बारीक आणि उंच. पहिल्या रांगेपासून हात कानांवर गेले. कोणाचं तरी मूल रडायला लागलं. गायकाने माइक तोंडापासून लांब, खालच्या स्पीकरकडेच धरला, चेहरा पिरगळला. हेच, अगदी हेच हवं होतं तिला! ती आनंदाने बाबांकडे वळली.

बाबांचे डोळे मिटलेलेच होते. दोन्ही हात मांडीवर. बोटं ड्रमच्या ठेक्यावर चालली होती.

तिने वाट पाहिली. शिट्टी वाजतच होती. त्यांच्या कपाळावर साधी आठीही उमटली नाही. तिला एकदम करपलेला भात आठवला, आत्या आठवली आणि बगलेतली ती जागाही.

बाबांनी डोळे न उघडताच तिची बाही ओढून तिला जवळ घेतलं आणि ते अभिमानाने म्हणाले, "बघ, इतका वेळ झाला, एक शिट्टी नाही. याला म्हणतात हात!"

तिने अंगठ्याने पट्टी खाली ओढली. सोळाच्या सोळा ट्रॅकवर ती शिट्टी नोंदली गेली होती.

"नाही बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "एकही नाही."