स्फटिकाची धूळ

जयपूरच्या रेल्वे दवाखान्यातून मी नर्स म्हणून निवृत्त झाले, तेव्हा नागपूरला परतायचं असं आमच्या दोघांचं पक्कं ठरलं होतं. पण लेकीचं सासर जयपूरचंच निघालं, नात तान्ही होती, म्हणून झोटवाड्यात लहानसा फ्लॅट घेतला आणि राहिलो. नोकरीत असताना आम्ही बनी पार्कजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे एक आश्रम होता. आश्रमाचे लोक गरीब वस्त्यांमध्ये दर महिन्याला धान्य वाटायचे आणि त्या घरांमधल्या आजारी माणसांकडे जायला त्यांना नर्स हवी होती. मी निवृत्त झाल्याचं कळल्यावर आश्रम चालवणाऱ्या माताजींनी मला बोलावून घेतलं.

मी आधीच सांगून टाकलं, "माझ्या घरात बुद्ध आहे. तुमच्या आरतीला मी उभी राहणार नाही."

माताजी म्हणाल्या, "आरतीला माणसं पुष्कळ आहेत, दीदी. ब्लडप्रेशर बघायला कुणी नाही."

संन्यास घेण्यापूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. गुडघे गेले होते, तरी वस्तीत स्वतः यायच्या. मला त्या आवडल्या. आमचं सगळं बोलणं हिंदीतूनच व्हायचं, पण आज ते मला मराठीतूनच आठवतं.

धान्य मिळणाऱ्या घरांपैकी एका कुटुंबाकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरातला पुरुष खाटेवर पुढे वाकून बसला होता. मांडीवर उशी, उशीवर दोन्ही कोपरं. ज्याला श्वास पुरत नाही तो माणूस असाच बसतो. त्याला आडवं होता येत नाही. वय चाळिशीच्या अलीकडचं असेल, पण खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. टीबीच्या गोळ्यांचे कोर्स त्याने पुन्हा पुन्हा केले होते. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, पण खोकला आणि बारीक झालेलं अंग बघून प्रत्येक नवा डॉक्टर त्याच गोळ्या लिहायचा.

"काम काय करत होतात?" मी विचारलं.

"मणी घासायचो."

जयपुरात नगिन्यांचं, म्हणजे दगडाचे खडे आणि मणी घडवण्याचं काम घरोघरी चालतं. हा स्फटिकाचे मणी घडवायचा. दगडाचे तुकडे फिरत्या चाकावर धरून गोल करायचे, मग भोक पाडायचं. स्फटिक घासला की पिठासारखी पांढरी पूड उडते. ती पूड श्वासाबरोबर आत जाते आणि बाहेर येत नाही. फुप्फुसाचाच हळूहळू दगड होतो. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, ह्याला औषध नाही. ऑक्सिजन द्या, तेवढाच आराम."

त्याची बायको दाराशी उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

माताजींनी एका दात्याकडे शब्द टाकला आणि ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालणारं, हवेतून ऑक्सिजन गोळा करणारं. कपड्यांचा व्यापार करणारे ते शेठजी आपल्या पत्नीसह स्वतः मशीन घेऊन आले. आश्रमाच्या माणसाला फोटो काढायचा होता. नळी लावल्यावर चेहरा नीट दिसेना, म्हणून ती काढायला सांगितली. दोन-तीन फोटो होईपर्यंत त्या माणसाचे ओठ निळे पडायला लागले. मी नळी परत लावली आणि फोटोवाल्याला बाहेर काढलं. शेठजी खजील झाले. ते सरळ जमिनीवर बसले आणि त्याचा पाय हातात घेऊन म्हणाले, "माझी आई अशीच गेली हो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वस्तीतली माणसं दारातून बघत होती. मोठ्या गाडीतून आलेला माणूस आपल्यातल्या कुणाचे पाय धरून रडतोय, हे त्यांना नवीनच होतं.

निघताना माताजींनी रिवाजाप्रमाणे शेठजींच्या गळ्यात स्फटिकाची जपमाळ घातली. मोठ्या दात्यांना आश्रम ती प्रसाद म्हणून द्यायचा. खाटेवरचा माणूस त्या माळेकडे बघत राहिला.

पुढच्या वेळी गेले ती आधी न कळवता. घरात मशीनची घरघर होती आणि मागच्या बाजूनेही कसला तरी आवाज येत होता. मागे पत्र्याचा आडोसा होता. तिथे त्यांची मुलगी चाकाशी बसली होती. एकोणीस-वीस वर्षांची. ओढणी नाकावर बांधलेली, भुवया आणि पापण्या पांढऱ्याफेक. मला बघून तिने चाक थांबवलं आणि हसली. दातसुद्धा धुळीने माखले होते.

मी आत येऊन तिच्या आईला म्हटलं, "भाभी, अहो, नवरा समोर असा बसलाय, आणि मुलीला त्याच कामाला बसवलंत?"

"मग कुणाला बसवू?" ती म्हणाली. "मी बसते, पण मला भोक नीट पाडता येत नाही. आणि सिस्टरजी, आता दिवाळीच्या आधी काम सोडून कसं चालेल? तुमच्या माताजींच्याच तर माळा आहेत."

"कुणाच्या?"

"आश्रमाच्या. व्यापारी त्यांच्या नावाने काम देतो. दरवर्षी देतो."

मी खाटेकडे बघितलं. तो माणूस मान हलवून म्हणाला, "माझ्या हातच्या असतील कितीतरी." आवाजात राग नव्हता. नळीमुळे शब्द नाकातून आल्यासारखे येत होते.

मी तशीच बसने बनी पार्कला गेले. माताजी अंगणात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, हातातली शेंग तशीच. मग म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हतं. दुकानातून येतात, एवढंच ठाऊक होतं." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बंद करू, दीदी?"

"करा," मी म्हटलं.

त्या महिन्यापासून आश्रमाने स्फटिक बंद केला. दात्यांना तुळशीच्या माळा मिळायला लागल्या. काही दाते नाराज झाले, पण माताजींनी कुणाचं ऐकलं नाही. मी घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "चला, एक काम झालं तुझ्या हातून." मलाही तसंच वाटलं होतं.

दिवाळी यायच्या आत त्या मुलीची आई माझ्या फ्लॅटवर आली. पत्ता विचारत विचारत आली होती. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. उभ्यानेच बोलली.

"तुमच्या धान्यात अर्धा महिना निघतो, सिस्टरजी. उरलेला अर्धा मण्यांवर निघत होता. व्यापारी म्हणतो, तुमच्या घरातूनच कुणीतरी आश्रमात चुगली केली. गल्लीतल्या सगळ्यांचं काम कमी झालं, आणि शिव्या आम्ही खातोय."

"पण मुलीचं तरी..."

"मुलगी कारखान्यात जाते आता. बंद खोली आहे. धूळ बसावी म्हणून चाकावर पाणी टाकतात, तेसुद्धा टाकत नाहीत, काम मागे पडतं म्हणून. घरी निदान पत्रा उघडा होता."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला. "तुम्ही वाईट नाही केलंत. मला कळतं ते. पण आधी आम्हाला विचारायचं तरी." एवढं बोलून ती जिना उतरून गेली. हे आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन त्यांनी ते पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि माझ्याशेजारी बसून राहिले.

माताजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्या घराचं धान्य वाढवलं, मग गल्लीतल्या बाकीच्यांनी वाढवून मागितलं, आणि तेवढे दाते काही आमच्याकडे नव्हते. मुलीला कारखान्यातून काढून शिवण शिकवावी, असं ठरलं. त्यासाठी शेठजींना विचारलं, तर ते म्हणाले, "आजाऱ्याला देतो, माताजी. धडधाकट मुलीला देण्यासारखं काय आहे? तिच्यासारख्या तर शहरभर आहेत." हा तोच माणूस, जो रडला होता. त्याला आईसारखं मरणारं माणूस समजत होतं. अजून न मरणारं समजत नव्हतं. माताजी त्यांच्या घरी पुन्हा पुन्हा जात राहिल्या. शेवटी शेठजींच्या पत्नीने नवऱ्याला न विचारता होकार दिला. या सगळ्यात हिवाळा मात्र अर्धा उलटला होता.

त्या हिवाळ्यातच तो माणूस गेला. सकाळची वेळ होती, ऊन दारापर्यंत आलेलं. मी त्याची नाडी धरून बसले होते. शेवटच्या दिवसांत तो कुणाशी बोलत नव्हता. बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढाही त्याच्याकडे उरला नव्हता. बायको त्याची पाठ चोळत होती. पाठ चोळता चोळताच तिच्या हाताला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मशीन चालूच होतं, नळीतून हवा फुसफुसत होती. ती उठली, मशीनचं बटण बंद केलं आणि मग रडायला लागली. मुलगी कारखान्यात होती. तिला बोलवायला शेजारी धावले. ती आली तशीच वडिलांच्या अंगावर पडली, आणि त्यांच्या काळ्या घोंगडीवर तिच्या कपड्यांतली पांढरी पूड उमटली.

तेराव्यानंतर मशीन न्यायला आम्ही गेलो. दुसऱ्या गल्लीत एक जण वाट बघत होता. मुलीच्या आईने मशीन पुसून, नळी उकळत्या पाण्यातून काढून, जुन्या साडीत बांधून ठेवलं होतं. "कुणाकडे जाणार?" तिने विचारलं. मी नाव सांगितलं. ती त्याला ओळखत होती. तिचा नवरा आणि तो एकाच चाकावर काम शिकले होते.

मुलगी शिवण शिकली आणि सीतापुऱ्याला कपड्यांच्या कारखान्यात लागली. सकाळी बसने जायची. पहिल्या पगारात तिने आईला स्वेटर आणला आणि मला मिठाई. तिला तिथे आवडत होतं. "मशीनसमोर खिडकी आहे, सिस्टरजी," असं तिने मला दोनदा सांगितलं. मला वाटलं, ही सुटली.

पावसाळ्यानंतर तिला खोकला सुरू झाला. एक्स-रे काढून ती तो घेऊन माझ्याकडे आली. मी खिडकीशी जाऊन फिल्म उजेडात धरली. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, बारीक बारीक ठिपके. वाळू सांडल्यासारखे.

"बापूसारखं?" तिने विचारलं.

मी आयुष्यभर पेशंटना बरंच काही बोलत आले आहे. अजून सांगता येत नाही, डॉक्टरांना विचारू, काळजी करू नको. तिला यातलं काही बोलता आलं नाही. "हो," म्हटलं.

"पण मी तर सोडलं ते काम."

"सोडलंस हे चांगलं केलंस. आता निदान हळू वाढेल."

तिने फिल्म गुंडाळली. "आईला मी सांगते," ती म्हणाली.

आई तेव्हा तिचं लग्न जमवत होती. आश्रमात दात्यांच्या मदतीने सामूहिक विवाह व्हायचे. भांडी, कपडे, जेवण सगळं आश्रमाकडून. मुलगा चांगला होता, रिक्षा चालवायचा. एक्स-रेचं कळल्यावर आईने माझे हात धरले. "कुणाला सांगू नका. एकदा लग्न होऊ द्या. माझ्यानंतर हिला कोण?" सांगितलं तर मुलीचं घर मोडणार, न सांगितलं तर त्या मुलाचं. माताजींना तरी सांगावं का, हा विचार मी कितीतरी दिवस घेऊन फिरत होते.

निर्णय मुलीनेच घेतला. मुलाची आई घर बघायला आली, चहा आला, आणि ही तिच्यासमोर बसून म्हणाली, "चाचीजी, मला दम लागतो. बापूंना होतं तेच आहे. तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं." त्या बाईने चहा संपवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली. आई कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण लग्नाचं नाव काढलं नाही.

ती अजून सीतापुऱ्याला जाते. थंडीच्या सकाळी काही वेळा जमत नाही, तेव्हा पगार कापतात. आश्रम तिच्या औषधांचं बघतो. गेल्या महिन्यात ती माझ्या नातीसाठी शिवलेला फ्रॉक द्यायला आली. खाली फाटकापाशीच भेटली, म्हणून आम्ही दोघी बरोबरच जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर ती थांबली आणि ओढणी नीट करत राहिली. ओढणी नीटच होती. मी कठड्याला हात टेकला आणि म्हटलं, "थांब बेटा, माझे गुडघे दुखतात." तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकली. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. तिसरी शिट्टी होईपर्यंत आम्ही तिथेच उभ्या होतो, मग हळूहळू वर गेलो.