मामांचं दुसरं पोट

सायखेड्याच्या माझ्या मामांचं पोट सारखं बिघडायचं, म्हणून नाशकात त्यांची दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरांनी आतड्याचा कणीएवढा तुकडा तपासायला घेतला आणि उरलेला संशोधनाला द्याल का, असं विचारलं. मामांनी लगेच हो म्हटलं. असे तुकडे मी काम करते त्या प्रयोगशाळेत येतात, हे त्यांना कळलं आणि माझे हाल सुरू झाले.

"म्हंजी माझं आतडं तुझ्याकडं हाय?"

"आतडं नाही मामा. त्यातल्या पेशी बशीत वाढवून आम्ही बारीक गोळे तयार करतो. ते आतड्यासारखेच वागतात. मग त्यांत पोटातले जिवाणू सोडायचे आणि कोणते कामाचे, कोणते उपद्रवी ते बघायचं."

मामांनी यातलं एवढंच धरलं, की गोळे जिवंत आहेत. "मंग खात्यात काय?"

"गुलाबी पाणी. त्यात साखर, क्षार असं सगळं असतं."

"नुसतं पाणी? पोटाला?"

पुढच्या आठवड्यात मामा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात हजर! वॉचमनला म्हणाले, "आमचं पोट आत ॲडमिट हाय. भाकरी आणलीय."

आमच्या प्रमुख बाईंना हसू आवरेना. त्यांनी मामांना बाहेरच्या खोलीत बसवून पडद्यावर गोळे दाखवले. नमुन्यांवर नुसते आकडे असतात, कोणता कुणाचा ते आम्हालाही माहीत नसतं, हे मी परोपरीनं सांगितलं. मामांनी सगळे गोळे निरखले आणि टम्म फुगलेल्या एकावर बोट ठेवलं.

"ह्योच माझा. ग्यास बघ किती झालाय."

मग पडद्याकडे वाकून त्याला हळूच म्हणाले, "जिवाणू आलं तर भांडू नको बाबा. जमवून घे."

डबा परत न्यायला ते तयार होईनात, तेव्हा आम्हीच खाल्ला. ठेच्याच्या पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मामा, हे रोज खाता?"

"दोन्ही टायमाला."

"मग जिवाणूंना कशाला बोल लावायचा?"

मामा चक्क लाजले. डॉक्टरांच्या गोळ्या आणि बिनठेच्याचं जेवण यांनी त्यांचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. श्रेय मात्र त्यांनी आमच्या प्रयोगशाळेला दिलं, आणि तेही गावभर. परवा त्यांच्या शेजारणीचा फोन आला.

"ताई, आमच्या ह्यांचं पोट ठिवून घ्याल का थोडे दिस? घरात लय गुरगुरतंय."