तेल पेटलं तरी भाषण चालू

कढईतलं तेल पेटलं तेव्हा मी भाषण करत होते, आणि थांबले असते तर हरले असते.

प्रश्न माझ्या गॅसचा होता. एका आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं, म्हणून माझ्या सुनेने, वैशालीने, ठराव मांडला: घरात एकटी असताना आईंनी गॅस लावायचा नाही. म्हणजे मुलगा-सून ऑफिसला गेले की अमेरिकेतल्या या बॉथेल गावच्या बंद घरात मी दिवसभर मायक्रोवेव्हमधला कालचा भात खायचा! पन्नासच्या वर वर्षं स्वयंपाक केला तो काय यासाठी?

ठराव, मतदान हे सगळं नातीचं, रियाचं खूळ. ती कॉलेजात अमेरिकेचं सरकार कसं चालतं ते शिकते आणि सुट्टीत घरी आली की आमच्यावर सराव करते. विरोध, तटस्थ, सदसद्विवेकाचं मत असले शब्द तिने चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजला चिकटवलेत. त्यातला मला एकच पटला, फिलिबस्टर. ठराव नको असेल तर सिनेटमधला माणूस म्हणे उभा राहून वाटेल ते बोलत राहतो. बसायचं नाही, जागा सोडायची नाही. तो बोलतोय तोवर मतदान होत नाही! (शाळेत मला वर्गात बडबडल्याबद्दल उभं करायचे. इथे त्यासाठी निवडून देतात.)

वैशालीची अकराला मीटिंग होती. तोवर बोलत राहिलं की ठराव बारगळला! साडेदहाला मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. त्याआधी भज्यांसाठी तेल गॅसवर ठेवलं होतं, ते पार विसरले.

मावशीच्या लग्नात आचारी कसा पळाला ते सांगितलं. माझ्या गुडघ्याचं सांगितलं, दोन्ही गुडघ्यांचं वेगवेगळं. नणंदेच्या विषयाकडे वळले आणि समोर धूर दिसला. गॅस माझ्यासमोर होता, त्या तिघांच्या पाठीमागे.

"शिरीष, तेल तापलंय रे."

"हो आई, ऐकतोय," फोनमधून डोकं न काढता मुलगा म्हणाला.

"अरे, मागे धूर येतोय!"

"आई, विषय बदलू नका," वैशाली.

"मम्मा, तिला अलाउड आहे! शी कॅन से एनिथिंग," रिया.

"आग लागली!"

"आजी, सो ड्रामॅटिक! कीप गोइंग!"

धुराचा अलार्म? तो फोडणी दिली की बोंबलायचा, म्हणून दिवाळीत चकल्या तळताना शिरीषने त्याला अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती. ती तशीच राहिली. (आमच्या ओळखीच्या एकाही मराठी घरात तो उघड्या डोक्याने नाही!)

आता कुणीही शहाणी बाई धावली असती. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. पंधराच मिनिटं! मी खुर्ची सोडली नाही. लाज वाटते, पण खरं तेच सांगते.

तेवढ्यात अंगणाकडच्या काचेच्या दारात वैशालीला ज्वाळेचं प्रतिबिंब दिसलं. ती किंचाळली आणि पाण्याचा जग घेऊन धावली.

"पाणी नको!" मी ओरडले. पेटत्या तेलात पाणी म्हणजे घर गेलं, सून गेली. खुर्ची सोडली, परात उचलून कढईवर उपडी टाकली, गॅस बंद केला.

"आजी," रिया हळूच म्हणाली, "टेक्निकली, तू जागा सोडलीस."

"मग घे मतदान!"

शिरीषने टोपीकडे पाहिलं आणि तटस्थ राहिला. रिया माझ्या बाजूची. वैशालीने जग ओट्यावर ठेवला. "मी पाणी ओतणार होते," ती म्हणाली. "आईंना कळलं, मला नाही. माझं मत माझ्याच ठरावाच्या विरोधात."

मी जिंकले होते! पण चिठ्ठीवरचं ते सदसद्विवेक की काय, ते नेमकं तेव्हाच टोचलं. तेल गॅसवर ठेवून भाषण ठोकणाऱ्या बाईच्या हाती गॅस देऊ नये. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला.

दोन विरुद्ध एक. ठराव पडला. या देशात पहिल्यांदा मत दिलं, तेही स्वतःच्या विरोधात, आणि त्यातही हरले! कढई गेली. आम्ही चौघं वाचलो.