हळद काळी पडली नव्हती

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भावजयीला वाईट वाटेल, पुतणीच्या सासरी चर्चा होईल, अशी कारणं मी स्वतःला देत आलो. खरं तर मला माझीच अब्रू जपायची होती. आता घरातले म्हणतात, "झालं गेलं, उकरू नका." मी उकरणार. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

हैदराबादच्या जामबागेत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नांचे फोटो विद्यानगरची एक बाई काढायची आणि संगणकावर रंग मी बसवायचो. ती तिशीतली, नवरा अपघातात गेलेला. तिच्या फोटोत माणसं पोज देत नसत, नुसती असत.

पुतणीच्या लग्नाला तिने नवाकोरा कॅमेरा आणला. तो रॉ फाइल द्यायचा, म्हणजे फोटोचा कच्चा माल. त्यातले रंग सॉफ्टवेअरने उलगडायचे. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कॅमेऱ्याची सोय नुकतीच आली होती. फाइली उघडल्या आणि मी हबकलो. हळद हिरवट काळी, सावल्यांत जांभळे डाग, नवरीचा गळा शेवाळ धरल्यासारखा.

मी तिला बोलावलं. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तोच फोटो दाखवला. तिथे हळद पिवळीधमक.

"काका, फाइल चांगली आहे. सॉफ्टवेअरला हा कॅमेरा अजून नीट कळलेला नाही. पुढच्या अपडेटपर्यंत थांबा."

तेवढ्यात भावजय आत आली. नवरीची आई ती, तिला धीर कुठला? तिची नजर थेट माझ्या मॉनिटरवर गेली.

"अगं बाई! हळद काळी पडली की! मी म्हणत होते, विधवेला हळदीत उभी करू नक्को. ऐकतंय कोण?"

"ताई, मशीनचा दोष आहे."

"मशीनला काय कळतंय विधवा नि सवाष्ण?"

"मीही तेच म्हणतेय, ताई. मशीनला नाही कळत."

भावजय लाल झाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सांगा. तुमचं आयुष्य गेलं यात."

मी म्हणालो, "काढतानाच काहीतरी चुकलं असणार."

फोटोवालीने कॅमेरा पिशवीत घातला आणि ती निघून गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

पुढे अपडेट आलं. त्याच फाइली पुन्हा उघडल्या, हळद पिवळी, गळा गोरा. मी बोटही लावलं नव्हतं. पण भावजय लग्नालग्नांत सांगत फिरली, "आमच्या भाऊजींनी एकेक फोटो हातानं सुधारला." मी हसून मान डोलावली. हैदराबादेत आपली मराठी घरं सगळी एकमेकांच्या ओळखीची. त्या फोटोवालीची आधी हळदीची कामं बंद झाली, मग लग्नाची. आता ती बेगम बाजारच्या व्यापाऱ्यांसाठी मसाल्याच्या पाकिटांचे फोटो काढते.

तर ऐका. ती हळद काळी पडलीच नव्हती. दोष सॉफ्टवेअरचा होता आणि खोटं माझं. आणि समजा, कॅमेरा तिच्या हातून पाण्यात पडला असता, तरी विधवेच्या सावलीने हळद काळी पडत नाही. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. यापुढे आपल्या घरात ते वाक्य कोणी उच्चारलं, तर मी भरल्या ताटावरून उठेन. मग कार्य कोणाचंही असो.

मागे एकदा मी तिच्या घरी गेलो होतो. तिने चहा केला, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"काका, मिरचीचा लाल बरोबर आलाय ना?"

"बरोबर आलाय," मी म्हणालो.

मग गुडघ्यांची चौकशी झाली, उन्हाळ्याची झाली. ती मला खाली ऑटोपर्यंत सोडायला आली. हात हलवून परत गेली. जे सांगायला मी गेलो होतो ते एवढंच होतं: पोरी, तुझे फोटो चांगले होते, मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, मला माफ कर.